चौदा नंबरची डबी

१

डबीत कुंकू निघालं, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

आधीच सांगून टाकतो, या प्रकरणात माझं डोकं पहिल्यापासून चाललं नाही. मी अविनाश कंधारकर, दिवाणी वकील. जामबागेतल्या आमच्या घरात आजोबांपासून वकिली चालत आली आहे आणि विज्ञानाचं वावडंही. बांध, भाडेकरू, वाटणीपत्र यातलं काहीही विचारा, झोपेतून उठून सांगेन. पण २००३ सालचा दसरा होऊन गेल्यावर एका शनिवारी माझ्यापुढे जो कागद आला, त्याचा विषय होता वीजवाहक प्लास्टिक आणि नॅनोस्फटिक यांच्या मिश्रणातून स्वस्त सौरघट. इंग्रजीत वाचला, मनातल्या मनात मराठी केला, पुन्हा इंग्रजीत वाचला. काही उपयोग झाला नाही.

तारनाक्याच्या पुढे एक संशोधन केंद्र आहे. नाव सांगणार नाही, अशील आहे माझं. जमीन सरकारची आणि पैसा खासगी कंपन्यांचा. त्या काळात अशा सोयरिकी हैदराबादेत जिकडेतिकडे जुळत होत्या. त्यांच्या भाडेपट्ट्याचं काम मी केलं होतं, म्हणून चौकशी समितीवर बाहेरचा सदस्य हवा असं निघाल्यावर संचालकांना माझीच आठवण झाली. सोमवारी अहवाल द्यायचा होता.

तक्रार केली होती डॉ. प्रकाश वसमतकरांनी. ते सौर विभागाचे प्रमुख. उंच, ताठ, बोलणं मोजकं.

"वकीलसाहेब, गोष्ट सरळ आहे," ते म्हणाले. "सुप्रिया ही माझी विद्यार्थिनी. तिनं दोन वर्षं खपून एक लाल पूड बनवली. नॅनोस्फटिक म्हणजे इतके बारीक कण की डोळ्यांनाच काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. ही पूड विशिष्ट प्लास्टिकमध्ये मिसळून काचेवर पातळ थर दिला की उन्हातून वीज मिळते. आमचे आकडे चांगले आले. पुण्याची एक कंपनी पैसा घालायला तयार झाली. परवा त्यांच्या माणसांसमोर नवा थर करून दाखवायचा होता. कपाटातून चौदा नंबरची डबी काढली, तर आत कुंकू!"

"कुंकू म्हणजे, आपलं कपाळाला लावायचं?"

"तेच. हळद आणि चुना. मी स्वतः तपासलं."

"मग पूड कुठे गेली?"

"एक तर तिनं ती विकली," वसमतकर म्हणाले, "नाही तर अशी पूड कधी नव्हतीच. दुसरी शक्यता मला जास्त भीतीदायक वाटते. म्हणजे दोन वर्षांचे सगळे आकडे बनावट. कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. दसऱ्याच्या आधीपासून डबी कपाटाबाहेर गेलेली नाही."

ते कुठेही अडखळले नाहीत. कोर्टात असा साक्षीदार मिळाला तर मी देवाचे आभार मानतो. अहवाल मी मनात लिहूनही टाकला होता.

मग त्यांनी सुप्रियाला आत बोलावलं. लहान चणीची मुलगी, केस घट्ट बांधलेले. ती खुर्चीवर बसली नाही. "सर, एक विचारू?" तिनं मला म्हटलं. "माझं नाव सोमवारी कटणार, हे ठरलंय का? ठरलं असेल तर तसं सांगा. बीदरला आईला फोन करायचाय. दुसऱ्या कुणाकडून तिला कळायला नको."

मी समोरचे कागद गोळा करू लागलो.

२

रविवारी सकाळी मी विद्यानगरला अक्काकडे गेलो. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण रजनी. कोठीजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून ती निवृत्त झाली. आमचे भावजी दिवसभर क्रिकेट बघतात आणि अक्का दिवसभर लोकांच्या चुका काढते. लहानपणापासून मी तिच्या सरावाचा विषय.

"अव्या, तू त्या पोरीला काय विचारलंस?"

"काही नाही. मला काय विचारायचं तेच कळेना."

"हौ, ते तुझ्या तोंडावरच दिसतंय," ती म्हणाली आणि पायात चपला सरकवून निघालीसुद्धा.

प्रयोगशाळेत सुप्रिया एकटीच होती. तिनं ती डबी कागदी लखोट्यातून काढून टेबलावर ठेवली. कॅमेऱ्याचा रोल मिळतो ना, त्याची काळी प्लास्टिकची डबी. वर करडं झाकण, झाकणावर शाईनं चौदाचा आकडा. असल्या डब्या तेव्हा घरोघर असत. आमच्याकडे एकीत सुपारी होती, एकीत सुट्टे पैसे.

"रोलच्या डबीत ठेवतेस हे?" मी चिडून विचारलं. एवढी मोठी कंपनी, एवढे मोठे शब्द, आणि सगळा माल फोटोवाल्याच्या भंगारात!

"हौ सर. उजेड आत जात नाही ना. उजेडानं माल खराब होतो. सगळ्या जगात असंच ठेवतात." मग जरा थांबून म्हणाली, "निदान आमच्या लॅबमध्ये तरी."

"मला हे समजावून सांग," मी म्हणालो. "प्लास्टिक आणि पूड. हळूहळू सांग."

तिनं खरंच प्रयत्न केला. काही प्लास्टिकं वीज वाहून नेतात. ऊन पडलं की अशा प्लास्टिकमध्ये इलेक्ट्रॉन सुटा होतो, पण लांब जाऊ शकत नाही, वाटेत हरवतो. तिची पूड त्याला उचलते आणि पलीकडे पोचवते. प्लास्टिक एकटं असलं की वीज जेमतेम, दोन्ही मिसळले की भरपूर. "आणि सर, हे रंगासारखं फासता येतं. भट्टी नको, मोठा कारखाना नको. उद्या पत्र्यावरसुद्धा फासता येईल." बोलता बोलता तिचा चेहरा उजळला होता. मग तिला परिस्थिती आठवली.

"नवी पूड करून दाखव, म्हणजे झालं," मी म्हणालो.

"नाही जमत सर तसं. कणांची लांबी प्रत्येक खेपेला वेगळी येते. चौदाव्या खेपेलाच बराबर आली. तीच गेली तर माझे आकडे खरे होते हे मी कशानं दाखवू?"

मला आता कुठे कळलं, पोरीचं काय जातंय ते. नोकरी नव्हे, पदवीही नव्हे. ती खोटारडी ठरणार होती.

अक्का या वेळात डबीत चिमटा घालून बसली होती. तिनं काहीतरी बाहेर काढून कागदावर ठेवलं. लाल रंगाचा तांदळाचा दाणा होता तो.

"चोरानं कुंकू विकत आणून भरलं असतं तर त्यात तांदूळ आला नसता," ती म्हणाली. "ही अक्षता आहे. हे कुणाच्या तरी देवघरातलं वापरातलं कुंकू आहे. बरं पोरी, तुझी पूड कोरडी असते का?"

"नाही मॅडम. कणांवर तेलकट मेणासारखं आवरण असतं. वापरायच्या आधी ते धुवून काढायचं, नाही तर वीज या कणातून त्या कणात जात नाही. पण ठेवताना तसंच ठेवतात."

अक्कानं झाकण उलटं केलं. आतल्या कडेला तेलकट लाल गोल होता. मग तिनं डबीच्या आतून बोट फिरवलं. बोट कोरडं.

"अव्या, आलं लक्षात?"

"नाही."

"झाकण हिचं आहे," अक्का म्हणाली. "डबी हिची नाही."

३

म्हणजे डबी कुणीतरी बदलली. मग चोरी आहेच की! मी तसं म्हणालो, तर अक्कानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

या प्रयोगावरचा दुसरा माणूस संदीप. हा पुण्याचा, प्लास्टिकचं काम त्याचं, पुडीचं काम सुप्रियाचं, आणि दोघांचं मिळून ते मिश्रण. जेवणाच्या खोलीत तो आम्हांला भेटला. शर्ट कडक इस्त्रीचा, खिशात दोन मोबाइल. एका सॉफ्टवेअर कंपनीनं त्याला उचललं होतं आणि महिनाअखेर तो जाणार होता.

"मला कशाला इंटरेस्ट असेल सर?" तो म्हणाला. "मी आता कोड लिहिणार. बायको म्हणते, उन्हातून वीज काढण्यापेक्षा एसीत बसून पगार काढ."

"सुप्रियाची किल्ली कुठे असते, ठाऊक आहे?" अक्कानं विचारलं.

"सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात, आणि कोट असतो दाराच्या खिळ्याला."

मी सरसावून बसलो. दोन किल्ल्यांचा वसमतकरांचा दावा इथेच ढासळला होता. मी आधीच चौकशी करून ठेवली होती. फाटकावरच्या रखवालदाराकडून मला कळलं होतं की दसऱ्यानंतर संदीपनं पुण्याला एक खोकं कुरियरनं धाडलं.

"खोक्यात काय होतं?" मी कोर्टातल्या आवाजात विचारलं.

तो लाल झाला. "सर, ते... बिस्किटं. उस्मानिया. आई दर फोनला मागते."

"एवढंच?"

"आणि मोत्यांचा सर. बायकोसाठी, सरप्राइज. प्लीज कुणाला सांगू नका."

माझा संशय बिस्किटांत बुडाला. अक्का मात्र भलतंच विचारू लागली. "तू राहतोस कुठे? खोलीवर देव आहेत का?"

"नाही हो. आम्ही चौघं पोरं. खोलीवर फक्त कपडे आणि पसारा."

"आणि इथे आयुधपूजा होते की नाही? यंत्रांना हळदकुंकू, कापूर, झेंडूच्या माळा?"

"वसमतकर सरांच्या राज्यात?" संदीप हसला. "मॅडम, कापराच्या धुरानं थर खराब होतात म्हणून सरांनी पूजा बंद करून टाकली. त्यावरून वर्कशॉपवाले अजून नाराज आहेत. सर देवबिव मानतच नाहीत. दसऱ्याला केंद्राला कुलूप होतं."

बाहेर आल्यावर मी हात टेकले. सुप्रिया राहते वसतिगृहात, तिच्या खोलीत देव नाहीत. संदीपकडे पसारा. केंद्रात पूजा बंद. वसमतकर नास्तिक. मग देवघरातलं कुंकू आलं कुठून? आकाशातून पडलं?

"वसमतकर देव मानत नाहीत," अक्का म्हणाली. "त्यांच्या बायकोला कुणी विचारलंय?"

४

वसमतकरांचं घर विद्यानगरातच होतं, अक्काच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. रविवारी न कळवता आलेले पाहुणे त्यांना आवडले नाहीत. तरी त्यांनी खुर्च्या दिल्या. त्यांची पत्नी मेधा अगत्यशील बाई. कपाळावर ठसठशीत गोल कुंकू, चेहऱ्यावर हसू. तिनं चहा केला आणि अक्काला आत नेलं. मी बाहेर वसमतकरांसमोर.

"मुलीनं काही कबूल केलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. डॉक्टर, एक शंका आहे. डबी खरंच कधी बाहेर गेली नव्हती? पाहुण्यांना दाखवायला वगैरे?"

"केंद्राच्या नियमानुसार नमुना इमारतीबाहेर नेता येत नाही." त्यांनी पेपर उचलला.

घरी आल्यावर मला उमगलं की हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्या क्षणी मात्र मी मान डोलावली. तीस वर्षं उलटतपासणी करून मी ही मान डोलावली!

आतून बायकांच्या गप्पा ऐकू येत होत्या. अक्का देवघराचं कौतुक करत होती. मेधा म्हणत होती, "ह्यांना नाही आवडत, म्हणून मी हल्लूच करते सगळं. ह्यांच्या नकळत." मग कुंकवाचं काहीतरी निघालं. "एक गंमत सांगू का काकू? आधी मेण लावल्याशिवाय माझं कुंकू टिकायचं नाही. आता दसऱ्यापासून मेण लागतच नाही. बोट लावलं की दिवसभर जागचं हलत नाही. नवी पुडी चांगली निघाली."

अक्का दारात आली तेव्हा तिच्या कपाळावर हळदकुंकू होतं. सवाष्ण बाई घरातून निघताना तिला लावतात तसंच. पण तिचा चेहरा विचित्र झाला होता. ती चपला घालता घालता वळली आणि मेधाचा हात धरून म्हणाली, "मेधा, मी वयानं मोठी आहे, माझं ऐकाल? आत्ताच्या आत्ता साबणानं हात धुवा. मी फोन करेपर्यंत स्वयंपाकाला हात लावू नका, काही खाऊ नका. आणि ती कुंकवाची डबी जिथे आहे तिथेच राहू द्या."

मेधा बघतच राहिली. वसमतकरांनी पेपरवरून बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या घरी चहा प्यायलो तिथल्या बाईला हात धुवायला सांगायचं!

रिक्षात मी अक्कावर भडकलो. कोपऱ्यावरच्या इराण्याकडची बिस्किटं मी पुढे केली; बिस्किटाला अक्का कधी नाही म्हणत नाही. आज तिनं मान हलवली. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून ती बसली होती आणि तोंडाजवळ काही येऊ देत नव्हती.

"अम्मा, कां जाना?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"तारनाका. और जरा जल्दी, भाई."

"अक्का, कायकू चाललोय आपण परत तिथे?"

"मला माझं कपाळ दाखवायचंय," ती म्हणाली.

५

प्रयोगशाळेला लागून एक बिनखिडकीची खोली होती. सुप्रियानं दार लावलं. संदीपही आला, त्याला उत्सुकता होती. वसमतकरांकडून आलोय, एवढंच सांगून अक्का स्टुलावर बसली.

"पोरी, तुझी पूड ओळखायची सोपी खूण काय?"

"यूव्ही दिवा मॅडम. त्याचा उजेड डोळ्यांना दिसत नाही म्हणा, जांभळट वाटतो. पण त्याखाली माझे कण चमकतात. लहान असले तर हिरवे, मोठे असले तर तांबडे. चौदा नंबरचे नारिंगी-तांबडे. कुंकू चमकत नाही, मी परवाच बघितलं. हळद पिवळी चमकते."

"बरं. दिवा विझव, आणि तो तुझा दिवा माझ्या तोंडासमोर धर. डोळे मी मिटून घेते."

अंधार झाला. मग खट्ट आवाज आला आणि जांभळट उजेड पसरला. माझ्या शर्टाचं बटण पांढरंफेक दिसू लागलं. मी अक्काकडे बघितलं आणि ओरडलोच.

तिच्या कपाळावर निखारा पेटला होता. हळदीचं बोट पिवळं, आणि त्याखालचा कुंकवाचा गोल नारिंगी-तांबडा, झळझळीत. बाकी चेहरा काळोखात. मला क्षणभर वाटलं, माझ्या बहिणीला काहीतरी झालं.

"चौदा," सुप्रिया म्हणाली. "मॅडम, हे चौदा आहे. हे माझं आहे!"

"वसमतकर सरांनी चोरलं?" संदीप अंधारातून म्हणाला.

"दिवा लाव आधी," अक्का म्हणाली. "आणि खोबरेल तेल कुठे मिळेल?"

सुप्रियानं तेलात कापूस बुडवून तिचं कपाळ पुसलं, मग साबणानं दोनदा. ती पुसतच राहिली. "यात कॅडमियम आहे मॅडम. विषारी असतं. कातडीतून फारसं जात नाही, पण बोटाला लागून पोटात गेलं तर वाईट. तुम्हांला माहीत होतं? तरी लावून घेतलंत?"

"संशय होता. मेणाशिवाय चिकटणारं कुंकू मी उभ्या जन्मात बघितलं नाही. पण संशयावर कुणाच्या घरात जाऊन डबी उचलता येत नाही, हे मला माझा वकील भाऊ सांगेल."

मी रिक्षा बघायला निघालो.

६

रिक्षा मिळेपर्यंत अक्कानं आम्हांला उलगडून सांगितलं. सुप्रिया आणि संदीप दोघंही बरोबर आले.

"अक्षता म्हणजे पूजा. झाकण हिचं आणि डबी परकी, म्हणजे दोन सारख्या डब्या एकाच वेळी उघड्या होत्या आणि झाकणं बदलली. चोर असं करत नाही, चोर अख्खी डबी उचलतो. झाकणं बदलतात ती पुसून परत लावताना. आता सांग अव्या, खंडेनवमीला घरात कशाची पूजा करतात?"

"हत्यारांची. मी आपली कायद्याची पुस्तकं आणि पेन ठेवतो."

"आणि नवरा ठेवत नसेल तर बायको काय करते? त्याच्या नकळत त्याचा कोट हाती घेते. पेन, चष्मा, खिशात असेल ते पाटावर मांडते. वसमतकरांच्या खिशात ही डबी होती. पुण्याच्या माणसांना त्या दिवशी जेवायला बोलावलं असणार, आणि त्यांना दाखवायला नियम मोडून ती घरी आणली. मेधानं तिलाही कुंकवाचं बोट लावलं. मग नवऱ्याला कळेल म्हणून झाकण काढून पुसलं. तिची स्वतःची कुंकवाची डबीही रोलचीच. दोन्हीत लाल. नंबरचं झाकण कुंकवावर बसलं."

"आणि सर गप्प बसले?" सुप्रिया म्हणाली. "मला खोटारडी म्हणत होते, आणि त्यांना ठाऊक होतं?"

"नाही पोरी, पूड कुठे गेली हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर बायकोच्या कपाळावर रोज कॅडमियम बघत ते चहा प्यायले असते का? आपण डबी घरी नेली होती, एवढंच त्यांना ठाऊक होतं. डबी माझ्या खिशातून हलली नाही, मग सांगायचं कशाला, असं त्यांनी स्वतःला पटवलं. ती पूजा केल्याचं बोलली नाही, हे डबी नेल्याचं बोलले नाहीत. तुझा जीव जात होता, आणि घरात दोघं एकमेकांपासून लपत होते."

मेधानं दार उघडलं. तिनं खरोखरच हात धुतले होते आणि काही खाल्लं नव्हतं. वसमतकर मागे उभे. अक्कानं दोन वाक्यांत सांगितलं. पहिल्यांदा मी त्या माणसाचा ताठा मोडलेला बघितला. ते देवघरात धावले, काळी डबी रुमालात धरून बाहेर आणली, उघडली, आणि बघताच भिंतीला टेकले. "मेधा, किती दिवस? तू हे पोटात... स्वयंपाक कुठल्या हातानं..."

"कोठीतल्या डॉक्टरांकडे चला, रक्त-लघवी तपासून घेऊ," अक्का म्हणाली. "लावून थोडेच दिवस झालेत, घाबरू नका. पण आधी हे कपाळावरून काढायला हवं."

मेधा मागे सरकली. तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला आणि अक्कानं तो वरच्यावर धरला. "ह्यांच्यासमोर कुंकू पुसायचं?" ती पुटपुटली. "नको हो, अशुभ असतं."

तेलाची बाटली सुप्रियानं आणली होती. ती पुढे झाली.

"काकू, हे कुंकू नाहीच," ती म्हणाली. "ही माझी पूड आहे. माझी मी परत घेते. बसा."

मेधा बसली. सुप्रियानं कापूस हलक्या हातानं फिरवला, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा. एकेक बोळा ती पिशवीत टाकत गेली. मेधाचे डोळे गळत होते. "माझ्यामुळे झालं गं सगळं. दसऱ्यापासून दोनदा म्हटलं ह्यांना सांगावं. ह्यांना राग येईल म्हणून राहिलं. तुझं नाव जाणार होतं, ते ह्यांनी जेवताना सांगितलं मला. आणि मी वाढत बसले."

कपाळ स्वच्छ झालं. अक्कानं पर्समधून टिकलीचं पाकीट काढलं आणि एक लाल टिकली तिच्या कपाळावर चिकटवली.

वसमतकर अजून भिंतीशीच होते. "उद्या समितीसमोर," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "काहीतरी सौम्य शब्दांत मांडता येईल. नमुन्यांची अदलाबदल झाली, वगैरे. वकीलसाहेब, तुम्ही..."

मसुदा मला लगेच सुचला होता, ही खरी गोष्ट आहे. 'अनवधानाने' हा शब्द मी हजारदा वापरला आहे. पण सुप्रिया हातात तो तेलकट कापूस घेऊन त्यांच्याकडे बघत होती. मी पेन खिशातून काढलंच नाही.

"अहो," मेधा म्हणाली, "आत्ता फोन लावा."

"मेधा, उद्या सकाळी..."

"मी हे सगळ्यांना सांगेन. आधी तुम्ही सांगा."

फोन हॉलमध्येच होता. संचालकांचा नंबर लावताना त्यांचा एकदा चुकला, पुन्हा लावला. पलीकडून आवाज आला तसे ते सरळ उभे राहिले.

"सर, वसमतकर बोलतोय. चौदा नंबरची डबी मी घरी नेली होती. हो, मी. नियम मोडून. पूड सापडली आहे, आणि ती खरी आहे." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. "नाही सर. मुलीचे सगळे आकडे खरे आहेत. मी तिच्यावर खोटा आरोप केला. हे मी लिहून देतो, आजच."

सुप्रिया मटकन खाली फरशीवर बसली आणि मोठ्यानं रडू लागली. शनिवारपासून ती रडली नव्हती. मेधानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि कुणीही तिला उगी म्हटलं नाही.